स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि मन ठरत नाही? मग हे आधी वाचा

पंधरा-वीस वर्षं जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्यानं करायचं ठरलं की पहिले काही दिवस उत्साहात जातात. मग एकेक गोष्ट डोकं खायला लागते. राखाडी टाइल्सचे पैसे देऊन घरी यावं आणि पांढऱ्याच बऱ्या होत्या असं वाटावं. एल आकाराचा ओटा ठरवावा आणि शेजारच्यांकडचा समोरासमोरचा ओटा बघून पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसावं. कोणीतरी म्हणतं ट्रॉल्यांमागे झुरळं होतात, की ट्रॉल्या रद्द. चार दिवसांनी पुन्हा ट्रॉल्या. दरम्यान मिस्त्री फोन करून विचारत असतो, "ताई, तोडायला कधी येऊ?"

आमच्या घरचं काम या सगळ्यातून गेलं आणि त्यानंतर नात्यातल्या-ओळखीतल्या बऱ्याच घरांमध्ये मी टेप आणि वही घेऊन उभी राहिले आहे. माझं मत असं झालंय की शंका येण्यात वाईट काही नाही, पण शंकांच्या दोन जाती असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. एक शंका माहिती अपुरी असल्यामुळे येते. ओटा किती उंच असावा, सिंक पलीकडे नेलं तर पाणी नीट वाहील का, या शंका मोजून, विचारून, प्रत्यक्ष उभं राहून सुटतात. दुसरी शंका पर्याय फार बघितल्यामुळे येते. हा निळा की तो निळा, ही मूठ की ती मूठ. ती विचार करून सुटत नाही, उलट वाढते. पहिल्या प्रकारच्या शंकेला भरपूर वेळ द्या, दुसऱ्या प्रकारच्या शंकेला फक्त एक शेवटची तारीख द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं लावल्या आहेत.

१. आवडीआधी अडचणी लिहा

फ्रीजच्या दारावर एक कागद लावा आणि आठवडाभर घरातल्या प्रत्येकानं सध्याच्या स्वयंपाकघरात जे खटकतं ते त्या क्षणी तिथे लिहायचं. नंतर आठवून लिहायचं नाही. अशा कागदांवर मी वाचलेल्या काही ओळी:

- मिक्सर लावायचा तर टोस्टरचा प्लग काढावा लागतो.
- दिवा पाठीमागे आहे, चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते.
- पोळ्या लाटून झाल्या की खांदे भरून येतात.
- पिठाचा डबा खालच्या कप्प्यात, रोज गुडघ्यावर बसावं लागतं.
- धुतलेली भांडी ठेवायला जागाच नाही, सगळं पाणी ओट्यावर.

यातल्या ज्या तीन-चार गोष्टी रोज छळतात त्यांच्याभोवती गोल करा. पुढे कुठल्याही निर्णयावर मन डळमळलं की हा कागद समोर धरायचा आणि विचारायचं, नव्या पर्यायानं यातली एखादी अडचण जास्त चांगली सुटते का? सुटत असेल तर जरूर बदला. सुटत नसेल, तर ती शंका दुसऱ्या जातीची आहे.

घरात वास्तुशास्त्र मानत असाल तर तेही याच कागदावर आत्ताच लिहा. शेगडी आग्नेयेला हवी, सिंक ईशान्येला हवं, जे असेल ते. ओट्याचा आराखडा पक्का झाल्यावर, ग्रॅनाइट कापून आल्यावर मामांनी येऊन दिशा सांगितली की काम जिथल्या तिथे थांबतं आणि घरात वाद होतात, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

२. जे नंतर बदलता येत नाही ते सगळ्यात आधी ठरवा

बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात. लॅमिनेटच्या रंगावर महिना घालवतात आणि प्लगचे पॉइंट मिस्त्री भिंतीला झिरी मारायला आला की उभ्या उभ्या सांगतात. क्रम असा ठेवा:

- सांडपाण्याची आणि नळाची पाइपलाइन, म्हणजेच सिंकची जागा
- वायरिंग आणि पॉइंट
- वॉटरप्रूफिंग आणि फरशीची पातळी
- शेगडीची जागा, गॅसचा पाइप, चिमणीच्या पाइपसाठी भिंतीतलं भोक
- ओट्याची लांबी, रुंदी, उंची
- ट्रॉल्या आणि वरच्या कपाटांची मापं
- फरशी आणि भिंतीच्या टाइल्स
- लॅमिनेट, मुठी, भिंतीचा रंग

वरून खाली जाताना चूक दुरुस्त करण्याचा खर्च कमी कमी होत जातो. भिंतीचा रंग दोन दिवसांत बदलता येतो, भिंतीतला पाइप बदलायला नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

सिंकचं उदाहरण घ्या. सांडपाण्याचा उभा पाइप इमारतीत ठरलेल्या जागी असतो, तो हलत नाही. सिंक त्याच्यापासून लांब नेलं तर मधल्या आडव्या पाइपला उतार द्यावा लागतो, एका फुटाला साधारण पाव इंच. म्हणजे आठ फूट लांब नेलं तर दोन इंच उतार, शिवाय वाटेतलं प्रत्येक वळण ही तूप-तेलाचा थर साचायची जागा. ओट्याखालून भिंतीलगत हा पाइप उघडा नेता येत असेल तर हरकत नाही. फरशीखालून न्यायचा असेल तर दहा वेळा विचार करा, कारण खालच्या मजल्यावर तिथे कदाचित कोणाची तरी झोपायची खोली असेल. सिंक खिडकीसमोर हवं की नको हा प्रश्न अशा वेळी आवडीचा राहत नाही. प्लंबरला उभ्या पाइपपासून टेप धरायला सांगा, बहुतेकदा पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

विजेचंही तसंच. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, पाण्याची किटली १५०० वॅटची. दोन्ही एकाच पॉइंटवर एक्स्टेंशन लावून चालवली तर ३५०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १५ अँपिअर. १६ अँपिअरचा पॉइंट तिथेच भरला. म्हणून आज वापरता ती आणि पुढच्या काही वर्षांत येऊ शकतील ती सगळी उपकरणं लिहा, प्रत्येकाच्या मागच्या पट्टीवरचे वॅट लिहा आणि इलेक्ट्रिशियनला विचारा की कोणते पॉइंट एकाच सर्किटवर आहेत. मोठ्या उपकरणांना ४ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर टाकून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून शॉक बसायची वेळ आली की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात बसवा. ओल्या हातांनी वावरायची जागा आहे, इथे काटकसर नको.

ज्या शंकेचं उत्तर आज मिळणारच नाही तिची फक्त सोय करून ठेवा. भांडी धुण्याचं मशीन घ्यायचं की नाही? माहीत नाही ना, मग सिंकशेजारी एक पॉइंट, एक नळाचं तोंड आणि सांडपाण्याची एक जोडणी आत्ता काढून बूच मारून ठेवा. त्या जागी ओट्याखालचा दोन फूट रुंदीचा कप्पा नंतर काढून टाकता येईल असा करा. निर्णय सावकाश घ्या, घाई फक्त पाइपची आहे.

३. मापं कागदावर नको, जमिनीवर उभी करा

या पायरीवर जेवढा वेळ जाईल तेवढा कमीच. थ्रीडी चित्रात सगळंच छान दिसतं, कारण चित्रात फ्रीजचं दार बंद असतं आणि ओट्यावर काही नसतं.

*ओट्याची उंची.* तयार फ्लॅटमध्ये ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांच्या आसपास असतो. तुमच्यासाठी किती हवा ते असं बघा: सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं, म्हणजे तिला ३२-३३ इंच पुरे. पाच फूट सात इंचांच्या माणसाला तोच ओटा बुटका पडतो.

पण या आकड्यावर थांबू नका. जेवणाचं टेबल बहुधा ३० इंच उंच असतं. त्यावर फळ्या किंवा जाड पुस्तकं रचून ठरवलेली उंची करा, वर पोळपाट ठेवा आणि खरोखर चार पोळ्या लाटा. पोळपाटाची उंची ओट्याच्या उंचीत मिळवावी लागते हे तेव्हा लक्षात येतं. मग त्यावर शेगडी ठेवा, शेगडीवर कुकर, आणि आत काय शिजतंय ते दिसतं का बघा. शेवटी सिंकचा विचार करा. त्याचा तळ ओट्यापासून आठ-नऊ इंच खाली असतो, त्यामुळे लाटायला बरोबर वाटणारी उंची घासायला कमी पडू शकते. घरात दोघं वेगवेगळ्या उंचीचे असतील तर कोण काय करतं त्यावर ठरवा. जो रोज भांडी घासतो त्याच्या पाठीला सिंकच्या बाजूची उंची, जो लाटतो त्याच्या खांद्याला लाटायच्या बाजूची. ओट्याचा एखादा तुकडा दोन इंच खाली-वर करायला गवंडी कुरकुर करेल, पण ते करता येतं.

*मोकळी जागा.* खडूनं जमिनीवर ओट्याची कड आखा. ओटा दोन फूट रुंद धरा. एकच माणूस काम करणार असेल तर समोर तीन फूट मोकळे हवेत. दोघं एकमेकांच्या पाठीमागून जाणार असतील तर साडेतीन. आता त्या जागेत खालची ट्रॉली पूर्ण उघडली आहे असं समजा, ती वीसेक इंच पुढे येते. उघड्या ट्रॉलीसमोर उभं राहायला जागा उरते का?

माझ्या बहिणीच्या घरी समोरासमोरचा ओटा की एल, यावर घरात दोन पक्ष पडले होते. आम्ही पुस्तकांची आणि पंख्याची रिकामी खोकी ओट्याच्या जागी रचली, फ्रीज खरोखर ओढून नव्या जागी नेला आणि तिच्या सासूबाईंना चहा करायला सांगितला. त्या फ्रीजमधून दूध काढायला वळल्या आणि दार उघडून तिथेच उभ्या राहिल्या.

"अगं, हे दार उघडलं की मी कोंडलीच गेले बघ. तुला बाहेर जायचं असेल तर मी दूध घेऊन होईपर्यंत थांब."

"आई, फ्रीज पलीकडे दाराशी नेला तर?"

"मग काही नाही. मग तुझा तो समोरचा ओटा असू दे खुशाल."

प्रश्न ओट्याचा नव्हताच, फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडतं याचा होता. खोकी रचायला तासभर लागला आणि तो वाद पुन्हा निघाला नाही.

*वरची कपाटं.* खोली बारा-तेरा इंच, ओट्यापासून किमान दीड फूट वर. भिंतीला चिकटपट्टी लावून रूपरेषा काढा आणि ती चार दिवस तशीच राहू द्या. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला मधल्या कप्प्याच्या उंचीवर हात टेकवून दाखवायला सांगा. चिमणी शेगडीपासून किती उंच हवी ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं, साधारण २६ ते ३० इंच. पुस्तिका आधी मिळवा, भोक नंतर पाडा.

४. नमुने घरी आणा, आणि तीनच आणा

दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली पाहिलेली टाइल घरच्या पिवळसर दिव्याखाली वेगळीच दिसते. दुकानदाराकडून अख्खी टाइल अनामत ठेवून घरी आणा. फरशीची असेल तर जमिनीवर ठेवा, भिंतीची असेल तर उभी टेकवा. सकाळी बघा, रात्री बघा, ओली करून बघा. मग तिच्यावर हळद घातलेलं तेल थेंबभर टाका, जेवण होईपर्यंत राहू द्या आणि नेहमीच्या फडक्यानं पुसा. गडद चकचकीत टाइलवर पाण्याचे पांढरट डाग दिसतात, खडबडीत टाइलच्या खाचांत मळ बसतो.

ओट्याच्या दगडाला हीच परीक्षा कोकमाच्या किंवा लिंबाच्या रसानं घ्या. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की त्याची चमक जाते आणि तो डाग पुसून निघत नाही. ज्या घरात रोज आमसूल, चिंच, लिंबू लागतं तिथे संगमरवरी ओटा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रॅनाइटला असं होत नाही, १८-२० मिलिमीटर जाडीचा काळा ग्रॅनाइट आपल्या स्वयंपाकाला उत्तम. क्वार्ट्झ दिसायला सुंदर, पण त्यात राळ असते, गरम कढई थेट ठेवता येत नाही. तुमच्या घरात घाईत कढई कुठे टेकवली जाते हे तुम्हालाच ठाऊक.

प्लायवुडचं दिसण्यावर जाऊ नका. सिंकखालच्या भागाला तरी आयएस ७१० (पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचं भारतीय मानक) दर्जाचं घ्या. त्या मानकात प्लायवुड ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. शिक्का प्रत्येक शीटवर असतो, तो सुतारानं कापायच्या आधी स्वतः वाचा आणि फोटो काढा.

कुठल्याही वस्तूचे तीनपेक्षा जास्त नमुने घरात आणू नका. चौथा आणायचा असेल तर आधीच्या तिघांतला एक परत देऊन या. आणि टाइल्स एकदा घेतल्या की त्या दुकानात दुसऱ्या कामासाठीही काही दिवस जाऊ नका, हे अगदी मनापासून सांगते. घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा, मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या आणि काम झाल्यावर उरलेल्या माळ्यावर जपून ठेवा.

५. सल्ला कोणाचा घ्यायचा

सगळ्यात मोलाचा सल्ला बहुतेक घरांत कोणी विचारतच नाही. भांडी घासायला आणि ओटा पुसायला येणाऱ्या मावशींना विचारा. रोज पाच-सात घरांतले ओटे त्यांच्या हाताखालून जातात. कुठल्या सिंकमधून पाणी बाहेर उडतं, कुठल्या ट्रॉलीच्या पट्टीत कचरा अडकतो, कुठल्या नळाखाली मोठं पातेलं मावत नाही, हे त्या न अडखळता सांगतात.

दुसरा गट म्हणजे ज्यांचं स्वयंपाकघर तीन-चार वर्षं वापरून झालंय असे ओळखीचे. नुकतं काम झालेल्यांना विचारू नका, ते अजून नवलाईत असतात. घरी जाऊन "छान आहे का?" असं विचारण्याऐवजी "कुठला कप्पा वापरला जात नाही?", "कुठे गंज आलाय?", "कुठलं दार आता नीट लागत नाही?" असं विचारा.

कॉन्ट्रॅक्टरचं मत ऐका, पण तो बहुधा त्याच्या माणसांच्या हाताला सवय आहे तेच सुचवतो हे ध्यानात असू द्या. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून "कसं वाटतंय?" हे मात्र टाळाच. वीस जणांची वीस मतं येतात, आणि त्यातल्या एकालाही तुमच्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या नसतात.

घरात अंतिम शब्द कोणाचा हे आधी ठरवा. रोजचा स्वयंपाक जो करतो त्याचा ओट्याबाबत, जो पैसे सांभाळतो त्याचा एकूण रकमेबाबत, बाकी रंगाबिंगात मुलांनाही घ्या.

६. कागदपत्रं आणि परवानग्या

- सोसायटीला अर्ज आणि समितीची लेखी परवानगी. काम करण्याच्या वेळा, लिफ्टमधून माल न्यायचे नियम, अनामत रक्कम हे सगळं त्यातच विचारून घ्या.
- फ्लॅटचा मूळ आराखडा. कॉलम, बीम आणि आरसीसी भिंती त्यात दिसतात, त्यांना हात लावायचा नाही. बिल्डरकडून किंवा सोसायटीच्या दप्तरातून प्रत मिळते.
- पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीकडे जोडणी हलवण्याचा अर्ज. तो पाइप कंपनीच्या अधिकृत माणसाशिवाय कोणीही हलवायचा नाही, तुमच्या प्लंबरनं कितीही भरवसा दिला तरी.
- खालच्या आणि शेजारच्या घरांना आधी सांगून ठेवणं. हा कागद नाही, पण तेवढाच महत्त्वाचा. खालच्यांच्या छताचे आधीचे फोटो त्यांच्यासमोर काढून ठेवा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंक, संडास-बाथरूममुळे होणारी आतली गळती सभासदानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते, त्यामुळे जुना डाग कुठला आणि नवा कुठला हे कळलेलं बरं.
- भाड्यानं राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती.

७. अंदाजपत्रक असं मागा की तुलना करता येईल

"सगळं मिळून इतके" असं कोटेशन आलं तर परत पाठवा. तोडफोड, राडारोडा उचलणं, प्लंबिंग, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, ओटा, टाइल्स, ट्रॉल्या, कपाटं, रंग, प्रत्येकाची वेगळी ओळ हवी. दर चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा, लेबर की मटेरियलसकट, प्लाय कुठल्या दर्जाचं आणि किती मिलिमीटरचं, चॅनल-बिजागऱ्या कुठल्या, जीएसटी धरून की वगळून, हे सगळं लेखी घ्या. दोन कोटेशनांत मोठा फरक असेल तर तो बहुधा यांपैकी एखाद्या न लिहिलेल्या ओळीत असतो. राडारोडा हा नेहमीचा सापळा आहे, शेवटी "ते आपल्यात नव्हतं" असं ऐकू येतं.

एक ओळ आवर्जून घाला: काम सुरू झाल्यावर बदल सांगितला तर तो कोणत्या दरानं, आणि लेखी होकाराशिवाय जादा काम नाही. एकूण रकमेच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवा. जुन्या घरात टाइल्स काढल्यावर आत गंजलेला पाइप निघतोच.

हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा, तारखांना नाही. शेवटचा हप्ता हातात राखा.

८. निर्णयवही आणि शेवटची तारीख

साधी शंभरपानी वही घ्या. प्रत्येक निर्णयाला एक पान. त्यावर चार गोष्टी: काय ठरलं, का ठरलं, काय नाकारलं आणि का, आणि कुठल्या तारखेपर्यंत बदलता येईल. नमुना असा:

"सिंक: एकच, मोठं, २४ बाय १८, स्टीलचं, ३०४ ग्रेड. कारण पोळ्यांचा तवा आणि मोठं पातेलं आडवं मावतं. दोन भांड्यांचं सिंक नाकारलं, कारण दोन्ही भाग लहान पडतात. ग्रॅनाइट कापायला जाईपर्यंत बदलता येईल."

"का नाकारलं" ही ओळ सगळ्यात उपयोगी. महिनाभरानं तोच पर्याय एखाद्या व्हिडिओत पुन्हा समोर येतो आणि आपण तो का सोडला हे आठवत नाही. वहीत वाचलं की पाच मिनिटांत मन शांत होतं. नवीन माहिती मिळाली असेल तर गोष्ट वेगळी, पान उलटून पुन्हा लिहा.

शेवटची तारीख मात्र कडक पाळा. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एक ठेवायचा होता. काहींना नंतर बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडला. बदलता येईल असं असेपर्यंत मन तुलना करत राहतं, दार बंद झालं की जे हातात आहे त्यात रमतं. म्हणून तारीख उलटली की त्या पानावर मोठी फुली मारा आणि त्या वस्तूचे फोटो, कॅटलॉग, नमुने घराबाहेर काढा.

९. काम चालू असताना शंका आली तर

येणारच. तोडलेलं स्वयंपाकघर, धुळीनं भरलेलं घर, बाल्कनीत मांडलेली शेगडी, आठवड्यातून तीनदा बाहेरचं जेवण, अशा अवस्थेत सगळंच चुकल्यासारखं दिसतं. तेव्हा स्वतःला क्रमानं तीन प्रश्न विचारा.

यात धोका आहे का? पाणी उलट्या दिशेनं वाहतंय, उघडी वायर सिंकजवळून जातेय, कुठेतरी बीमला छिन्नी लावलेली दिसतेय, असं काही असेल तर त्याच मिनिटाला काम थांबवा. भीड धरू नका.

रोजच्या वापरात अडचण होणार आहे का? म्हणजे पहिल्या पायरीतल्या कागदावरची एखादी अडचण तशीच राहतेय का? तर मिस्त्रीला एवढंच सांगा की या भागाला आज हात लावू नका, दुसरं काम घ्या. रात्री मापं पुन्हा घ्या, सकाळी निर्णय द्या. खर्च किती वाढेल ते आकड्यात विचारा. अडचण रोजची असेल तर तो खर्च करावा, त्यात कमीपणा नाही.

फक्त दिसायला वेगळं वाटतंय का? मग काही करू नका. प्लास्टिक अंथरलेल्या फरशीवर, सिमेंटच्या डागांमध्ये कुठलाही रंग खरा दिसत नाही. सगळं पुसून, सामान लावून, खिडकी उघडून बघेपर्यंत मत देऊ नका.

मिस्त्रीला सूचना एकाच माणसानं द्यायच्या. सकाळी वहिनींनी एक सांगितलं, दुपारी आजोबांनी दुसरं, संध्याकाळी फोनवरून दादांनी तिसरं, तर सुतार तिघांचंही ऐकत नाही आणि स्वतःला सोपं ते करतो. दिवसभरात ठरलेलं संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, त्याच्याकडून "हो" येऊ द्या.

सणवारांचा हिशेब ठेवा. कोकणातला मिस्त्री गणपतीला जाणार, उत्तरेकडचा सुतार होळीला किंवा छटपूजेला. पावसाळ्यात प्लास्टर आणि रंग वाळायला वेळ लागतो. सणाआधी काम उरकायच्या घाईत घेतलेले निर्णय पुढे खुपतात, म्हणून शक्यतो दिवाळी आणि छटपूजा झाल्यावर काम काढा.

१०. हातात घेण्याआधी

भिंती बंद होण्यापूर्वी प्रत्येक झिरीचा, पाइपचा आणि वायरचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे खिळा ठोकताना हाच फोटो कामी येतो. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स बसवण्याआधी तिथे किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत स्वतः बघा. ओटा बसला की त्यावर तांब्याभर पाणी ओता, ते सिंककडे जातंय का भिंतीकडे ते बघा. ओट्याच्या पुढच्या कडेखाली बारीक खाच असली पाहिजे, नाहीतर सांडलेलं पाणी कडेवरून वळून थेट ट्रॉल्यांवर उतरतं. सगळ्या ट्रॉल्या रिकाम्या नको, पूर्ण भरून उघडून बघा. सगळी मोठी उपकरणं एकाच वेळी दहा मिनिटं चालवून बघा.

मग महिनाभर स्वयंपाक करा. या महिन्यात नवीन काहीही विकत घेऊ नका, एखादा जादा रॅकसुद्धा नाही. हात जुन्या जागी जात राहतात, मीठ डावीकडे शोधलं जातं, त्यावरून लगेच काही हलवू नका. जे महिन्यानंतरही खटकतं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, कॉन्ट्रॅक्टरला एकदाच बोलावून सगळं दाखवा आणि ते झाल्यावरच राखून ठेवलेला हप्ता द्या.